विकृत टीसीपी पॅकेट अडवताना: आधी नोंद, मग अटकाव

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्याचे किंवा मिहानमधल्या कार्यालयाचे नेटवर्क सांभाळणाऱ्याने सुरिकाटा या नेटवर्कवरील वाहतूक तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टीसीपीचे (संगणकांमधील जोडणी सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलचे) नियम लिहिताना प्रथम सर्व नियम ‘अलर्ट’वर (फक्त नोंद) ठेवावेत आणि महिनाअखेरच्या कामांसह नोंदी तपासल्यानंतरच, खात्री पटेल तसा, एकेक नियम ‘ड्रॉप’वर (पॅकेट अडवणे) न्यावा. ‘ड्रॉप’चा उपयोग मात्र वाहतूक प्रत्यक्ष सुरिकाटा चालणाऱ्या उपकरणातून जात असेल तरच होतो.

सिन (जोडणी सुरू करणारा) आणि फिन (जोडणी संपवणारा) हे फ्लॅग, म्हणजे पॅकेटवरील खुणा, एकत्र असलेले किंवा एकही फ्लॅग नसलेले पॅकेट आजच्या नेहमीच्या व्यवहारात आढळत नाही. नोंदी तपासून झाल्या की ते निःशंक अडवावे.

खरी अडचण हँडशेक (जोडणीच्या सुरुवातीची देवाणघेवाण) न दिसलेल्या जोडण्यांची आहे. नागपूर कार्यालयाकडे दोन इंटरनेट लाइन असतील आणि एकाच जोडणीची जाणारी वाहतूक एकीने, येणारी दुसरीने होत असेल, तर उपकरणाला अर्धेच संभाषण दिसते आणि हँडशेक न दिसलेल्या जोडण्यांचा नियम ‘ड्रॉप’वर असल्यास निर्दोष जोडण्या तुटतात. म्हणून दोन्ही दिशांची वाहतूक एकाच उपकरणातून जाते याची खातरजमा होईपर्यंत असे नियम ‘अलर्ट’वरच राहू द्यावेत, मग वरिष्ठ कितीही घाई करोत.

सिन पॅकेटच्या पुरात (जोडणी मागणाऱ्या पॅकेटच्या माऱ्यात) पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट असू शकतो. त्यामुळे केवळ पत्त्यानुसार मर्यादा घालण्यावर न विसंबता सर्व्हरवर सिन कुकीज (हँडशेक पूर्ण होईपर्यंत सर्व्हरने जोडणीची नोंद न साठवण्याची सोय) चालू ठेवाव्यात.