आधी फूल बघू, मग रंगवू: लहान मुलांसाठी घरी आणि शाळेत करण्याचे उपक्रम

लहान मुलाला फूल रंगवायला द्यायचं म्हटलं की आपण छापील चित्र शोधतो, खडूंची पेटी पुढे सरकवतो आणि बजावतो, "रेघेबाहेर जाऊ नकोस हं." मूल चार-दोन पाकळ्या भरतं आणि उठून जातं. चित्रातल्या फुलाशी त्याची ओळखच झालेली नसते, मग त्यात रमायचं कशात? म्हणून पुढच्या उपक्रमांत शक्य तिथे खरं फूल आधी हातात द्या आणि रंग त्यानंतर काढा. वयोगट साधारण २ ते ७ वर्षं.

तयारी

छापील चित्र द्यायचंच असेल तर पानावर एकच फूल हवं, पाकळ्या मुलाच्या तळहाताएवढ्या आणि रेघ ठळक. दोन-तीन वर्षांचं मूल खांद्यातून अख्खा हात हलवून रंगवतं. मनगट आणि बोटं हळूहळू ताब्यात येतात. बारीक पाकळ्यांनी भरलेलं पान त्याच्यापुढे ठेवणं म्हणजे जे अजून जमत नाही तेच मागणं. पाचव्या-सहाव्या वर्षापासून कोरा कागद द्या आणि फूलही त्यालाच काढू दे. वेडंवाकडं आलं तरी ते त्याचं फूल असतं.

तीन वर्षांखालच्या मुलांना जाड, अखंड मेणखडू द्या, कारण हातात आलेली वस्तू ती तोंडात घालतात. स्केचपेनांची टोपणंही याच कारणासाठी दूर ठेवा. त्याहून मोठ्या मुलांसाठी मात्र लांब खडू मोडून २-३ सेंटिमीटरचे तुकडे करा. एवढासा तुकडा मुठीत धरता येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. पेन्सिल धरण्याची सवय अशी न शिकवता लागते.

मेणखडूंना साधा छपाईचा कागद चालतो. पाण्याचे रंग असतील तर तो सुरकुततो, म्हणून १२० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) किंवा त्याहून जाड कागद घ्या. कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा. कागद सरकत राहिला की मुलं लवकर वैतागतात.

फूल बघणं

ही पायरी सर्वात जास्त वेळ घेणारी आहे आणि ती गाळण्याचा मोह होतो. गाळू नका.

जास्वंदाचं एक फूल घ्या. मुलाच्या हातात द्या आणि आधी काहीच विचारू नका. थोड्या वेळाने म्हणा, "पाकळ्या मोजू या." पाच भरतात. मग पाकळी उजेडासमोर धरा, तिच्यातल्या शिरा दिसतील. अनेक जास्वंदांत पाकळीचा तळ कडेपेक्षा गडद असतो, तो दाखवा. मधून बाहेर आलेल्या लांब दांडीवर पिवळे कण असतात, ते बोटाला लागतात. दांडीच्या अगदी टोकाला पाच छोटे गोल ठिपके असतात. ते मुलाला स्वतः सापडले तर त्याच्या चित्रात ते आल्याशिवाय राहत नाहीत.

सूर्यफूल मिळालं तर मधला तपकिरी भाग भिंगातून बघू द्या. तो शेकडो चिमुकल्या फुलांचा बनलेला असतो. हे एकदा पाहिलेलं मूल तिथे एकसारखा तपकिरी गोल भरत नाही, ठिपके द्यायला लागतं.

फुलं निवडताना दक्षता हवी. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत, ती मुलांच्या हातात देऊ नका. जे फूल ओळखता येत नाही ते बाजूला ठेवा. फुलं हाताळून झाली की हात साबणाने धुवा.

रंग भरणं

चोवीस रंगांची पेटी समोर असली की मूल निवडण्यातच अडकतं. जलरंग किंवा पोस्टर कलर असतील तर लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच काढा. बाकीचे मुलाला बनवू द्या. नारिंगी हवा असेल तर आधी पिवळा घ्यायचा आणि त्यात लाल थेंबाथेंबाने मिसळायचा. उलट केलं तर लाल पिवळ्याला गिळून टाकतो आणि रंग फुकट जातो. पिवळ्यात किंचित निळा मिसळला की पानांचा हिरवा मिळतो. त्यात जरासा लाल घातला तर तोच हिरवा जुन्या पानासारखा मळकट होतो. सगळे रंग एकत्र होऊन तपकिरी झाला तरी तो टाकू नका, देठाला वापरा.

या काळात मोठ्यांनी शक्यतो गप्प बसावं. मुलाने सूर्यफूल निळं केलं तर करू द्या. त्याने खरं सूर्यफूल पाहिलेलं आहे, निळा ही त्याची निवड आहे. "छान" म्हणून मोकळं होण्यापेक्षा "ही पाकळी इतकी गडद का केलीस?" असं विचारा. मुलं भरभरून सांगतात. आणि त्याच्या चित्रात आपला ब्रश घालून "असं कर" म्हणून दाखवू नका. दाखवायचंच असेल तर आपला वेगळा कागद घ्या.

ब्रश नको असेल तेव्हा

*बाटलीचा ठसा.* शीतपेयांच्या बऱ्याच प्लास्टिक बाटल्यांच्या तळाला पाच उंचवटे असतात. पसरट ताटलीत पोस्टर कलरचा पातळ थर घ्या, तळ त्यात टेकवा आणि कागदावर सरळ दाबून उचला. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. मध्ये बोटाने पिवळा ठिपका द्यायचा. दोन वर्षांच्या मुलालाही हे जमतं.

*लपलेलं फूल.* पांढऱ्या मेणखडूने पांढऱ्या कागदावर दाबून फूल काढा, मग वरून पातळ जलरंग फिरवा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे फूल पांढरंच राहतं आणि आजूबाजूला रंग चढतो.

*फुलाच्याच रसाने.* लाल जास्वंदाची पाकळी कागदावर जोर देऊन घासा. लाल उमटेल असं सगळ्यांना वाटतं, पण उमटतो जांभळट रंग. कापूस गुंडाळलेल्या काडीने त्यावर लिंबाचा रस लावला की तो गुलाबी होतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावला तर हिरवटपणा येतो. गोकर्णाच्या निळ्या पाकळ्यांचा रसही लिंबाने जांभळा-गुलाबी होतो. दोन्ही फुलांतली रंगद्रव्यं आम्ल (इथे लिंबू) आणि अल्क (इथे सोडा) यांनुसार रंग बदलतात. लिंबू डोळ्यात जाऊ नये म्हणून रस मोठ्यांनीच वाटीत काढून द्यावा. हा रंग उन्हात लवकर फिका पडतो, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर हिरमोड होतो.

फूल रंग पितं तेव्हा

चार वर्षांपुढच्या मुलांसाठी मला सर्वात आवडणारा उपक्रम हा आहे. पांढरी शेवंती किंवा कार्नेशन घ्या. अर्ध्या ग्लास पाण्यात खाण्याच्या निळ्या किंवा लाल रंगाचे २०-३० थेंब टाका. देठाचं टोक मोठ्यांनी तिरकं कापून लगेच पाण्यात ठेवावं. पाकळ्या-पानांतून पाणी हवेत जात राहतं आणि त्या ओढीने देठातल्या बारीक नळ्यांतून रंगीत पाणी वर चढतं. काही तासांत पाकळ्यांच्या कडा रंगू लागतात, दुसऱ्या दिवशी रंग ठळक दिसतो.

फूल पाण्यात ठेवल्यावर लगेच मुलांना म्हणा, "उद्या हे कसं दिसेल ते आज रंगवा." कुणी पूर्ण निळं करेल, कुणी फक्त देठ. दुसऱ्या दिवशी खऱ्या फुलाशेजारी चित्रं ठेवायची. देठ उभा चिरून दोन टोकं दोन रंगांच्या ग्लासांत ठेवली तर एकाच फुलात दोन रंग येतात. खाण्याचा रंग कपड्यांवरून सहज जात नाही, म्हणून जुने कपडे घाला.

वर्गात करताना

चार-पाच मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक खरं फूल द्या. प्रत्येक रंगाला स्वतंत्र वाटी आणि त्या वाटीचा स्वतःचा ब्रश ठेवा, म्हणजे रंग लवकर गढूळ होत नाहीत. डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, कोपराला कोपर लागत नाही.

एखादं मूल पानं नेहमीच तपकिरी किंवा फूल-पान एकाच रंगात भरत असेल तर रागावू नका. त्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नसण्याची शक्यता असते, मुलग्यांमध्ये हे जास्त आढळतं. पालकांना बाजूला घेऊन डोळ्यांची तपासणी करायला सुचवा आणि त्याच्या खडूंवर रंगांची नावं लिहून द्या.

चित्रं लावताना सगळ्यांची लावा, क्रमांक देऊ नका. ओला कागद आधी आडवा वाळवा. कडा वळल्या तर तो रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. मागच्या बाजूला तारीख आणि मुलाने त्या फुलाबद्दल जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा.