पेरोव्स्काइट क्रिस्टल ७७ केल्विनला नेताय? या चुका टाळा

फॉर्मामिडिनियम आणि मिथाइलअमोनियम हे दोन कॅटायन (धन आयन) मिक्स केलेला लेड आयोडाइडचा पेरोव्स्काइट क्रिस्टल, प्रकाशाचा डिटेक्टर म्हणून बाहेर मस्त सिग्नल देत होता आणि लिक्विड नायट्रोजन ओतल्यावर गप्प झाला, की लोक लगेच मटेरियलला शिव्या घालतात. बहुतेक वेळा गडबड आपणच गार करताना केलेली असते.

आधी या दोन कॅटायनचा रेशो बघा. व्हायलमध्ये अर्धं-अर्धं टाकलं म्हणून क्रिस्टलमध्ये तेवढंच उतरतं असं नाही, एक तुकडा विरघळवून एनएमआर (कोणता रेणू किती आहे ते दाखवणारी चाचणी) काढा. सोल्युशन ताजंच वापरा, जास्त वेळ गरम राहिलं तर हे दोन कॅटायन आपापसातच रिअॅक्ट होतात.

कॉन्टॅक्टसाठी सिल्व्हर पेस्ट नको, आयोडाइड चांदी खातं. गोल्ड किंवा कार्बन लावा. आणि क्रिस्टलचा पूर्ण तळ होल्डरला चिकटवू नका हो! हा सिलिकॉनच्या दहापटीहून जास्त आकसतो, तांब्याच्याही दुपटीहून जास्त, मग तडा जाणारच, एका कोपऱ्याला ग्रीसचा ठिपका पुरतो. मिनिटाला एक-दोन केल्विनच उतरवा. शुद्ध मिथाइलअमोनियमवाला १६० केल्विनच्या आसपास फेज (क्रिस्टलची आतली रचना) बदलतो, मिक्समध्ये तो पॉइंट सरकतो नाहीतर पुसट होतो, त्यामुळे पेपरमधला आकडा धरून बसू नका, उतरताना स्वतःच्या क्रिस्टलचा डार्क करंट (प्रकाश नसताना वाहणारा करंट) नोंदवत जा, पण त्यासाठी बायस (बाहेरून लावलेला व्होल्टेज) क्षणभरच द्या.

कारण बायस चालू ठेवून गार करणं ही माझी स्वतःची चूक. आयन एका बाजूला सरकतात आणि थंडीत तिथेच गोठतात, मग शून्य व्होल्टला पण फोटोकरंट दिसतो. मी तर सेल्फ-पॉवर्ड डिटेक्टर सापडला म्हणून गाइडना सांगून मोकळा झालो होतो 😅 शंका आली तर रूम टेंपरेचरला आणा, थोडा वेळ तसंच राहू द्या, अंधारात बायसशिवाय परत उतरवा, आणि सिग्नल गेला तर तो गोठलेल्या आयनांचा होता हे समजून जा.

अजून एक, सिलिकॉनचा बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) गार केल्यावर वाढतो, या क्रिस्टलचा कमी होतो. म्हणजे लेझर शोषण जिथे सुरू होतं त्या कडेच्या वेव्हलेंग्थचा असेल तर रिस्पॉन्स वाढलेला दिसेल, पण त्यातला काही भाग नुसता कड लालकडे सरकल्याचा असतो, तेव्हा प्रत्येक तापमानाला पूर्ण स्पेक्ट्रम घ्या.

तापमानाचा सेन्सर क्रिस्टलच्या शेजारी हवा, खाली कोल्ड फिंगरवर (गार करणाऱ्या धातूच्या दांड्यावर) नाही. आणि काम झालं म्हणून घाईत क्रायोस्टॅट (क्रिस्टल गार ठेवणारं बंद भांडं) उघडू नका, गार क्रिस्टलवर दव धरलं की पाण्याने पृष्ठभाग गेलाच.