मृगाआधी पाझर तलावावर एक फेरी

रोहिणी लागल्या की एका सकाळी तलावावर पायी जायचं. सोबत कोयता, टिकाव, चुन्याची फक्की, गवंड्याची पाण्याची नळी आणि काचेची एक रिकामी बाटली. तलाव 1972 च्या दुष्काळातला असेल, तर त्या कामावर माती वाहिलेलं एखादं म्हातारं माणूसही न्यावं. मूळ ओढा भरावाखालून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाखालून, नेमका कुठे जातो, हे त्यालाच ठाऊक असतं, आणि भराव खचतो किंवा झिरपतो तो बहुतेकदा तिथेच.

सुरुवात सांडव्यापासून, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेपासून. दोन फूट पाणी जास्त धरायच्या मोहाने कोणीतरी तिथे वाळूची पोती रचतं, मासेमारीचा ठेकेदार जाळं बांधतो, त्यात पाचोळा अडकतो. हे सगळं काढून टाका, भांडण झालं तरी चालेल. सांडवा तुंबला की पाणी भरावाच्या माथ्यावरून जातं, आणि मातीचा भराव काही तासांत वाहून जातो. मग खालच्या विहिरी, गुरांचं पाणी, मासे, सगळंच गेलं.

भरावाच्या माथ्यावर पाण्याची नळी धरून पातळी बघा, खचलेली जागा शोधा. तिथे माती पातळ थरांनी टाकायची, पाणी मारून धुमसाने ठोकायची. ट्रॉली ओतून मोकळं होऊ नका. भेगांच्या टोकांना फक्की टाका आणि आठ दिवसांनी परत बघा. भेग फक्कीच्या पुढे गेली असेल किंवा भरावाला आडवी असेल, तर त्याच दिवशी अभियंत्याला बोलवा. बाभळीची रोपं, घाणेरी, रुई लहान असतानाच काढा. मोठं झाड मात्र विचारल्याशिवाय उपटू नका, मुळांची पोकळी मागे राहते. पाण्याकडच्या उतारावरचं दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचा थर, निसटलं असेल तर दगड परत बसवा.

आता खालचा पायथा. ओल दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, पाणी जमिनीत मुरवायलाच बांधलेला पाझर तलाव तो. झिरपणारं पाणी बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाशी माती बसली, तर भराव आतून पोखरतोय. पाणी निघतं त्या तोंडावर चिकणमाती थापू नका, पाणी दुसरी वाट काढेल. आधी वाळू, वर खडी टाका: पाणी निघावं, माती अडावी. ही तात्पुरती सोय, तहसीलला फोन लगेच करायचा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली. गळतीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या. खापर नंतर खेकड्यांवर फुटलं. खेकडे बिळं करतात हे खरं, पण बीळ दिसल्यावर बुजवायचं काम माणसाचं.

गाळ काढणाऱ्या पोकलेनवाल्याला भरावापासून लांब फक्कीची रेघ मारून द्या. रेघेच्या अलीकडे बादली नको, आणि मुरूम लागला की थांबायचं.

सांडवा वाहू लागल्यावर रात्री पायथ्याशी फिरणारे दोघे आजच ठरवा. ओढ्याकाठच्या प्रत्येक घराचा नंबर त्यांच्याकडे हवा, आणि बॅटरीचे सेल नवे.