मागच्या बाकावरून बोलताना: खासदारांनी आणि त्यांच्या मदतनिसांनी या चुका टाळाव्यात

लोकसभेच्या चर्चेत प्रत्येक पक्षाला मिळणारा वेळ त्याच्या संख्याबळावर ठरतो आणि त्या वेळाची वाटणी पक्षात बहुतेकदा ज्येष्ठता पाहून होते. त्यामुळे पहिल्यांदा निवडून आलेल्या, मंत्रिपदापासून आणि गटनेत्याच्या वर्तुळापासून दूर असलेल्या खासदाराच्या वाट्याला मोठ्या चर्चेत संध्याकाळ उलटल्यानंतरची तीन-चार मिनिटे येतात. मुंबईतील अशा एका खासदारांच्या कार्यालयात मी काही वर्षे प्रश्नांचे मसुदे लिहिण्याचे आणि आलेली उत्तरे लावून ठेवण्याचे काम केले. पुढे मांडलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा आमच्याच हातून झालेल्या आहेत. त्या कामातून माझे एक मत पक्के झाले: मागच्या बाकावरच्या सदस्याचे बळ एकच प्रश्न न सोडता अधिवेशनामागून अधिवेशन धरून ठेवण्यात असते, आणि भाषण हे त्या कामातले एक छोटे पाऊल असते.

प्रश्न चुकीच्या दारी नेणे

मुंबईच्या खासदाराकडे येणारी गाऱ्हाणी खड्डे, पाणी, कचरा, पोलीस ठाणे आणि झोपडपट्टी पुनर्वसन यांची असतात. यांतले जवळजवळ सर्व विषय राज्य सरकारच्या किंवा महापालिकेच्या कक्षेत येतात. पोलीस, जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचे विषय आहेत आणि केंद्र सरकारचा मुख्यत्वे संबंध नसलेला प्रश्न लोकसभेत स्वीकारलाच जात नाही. शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर सदस्य तातडीचे विषय मांडतात त्या वेळात, तो कसाबसा मांडला, तरी ‘हा राज्याचा विषय आहे’ या एका वाक्यापुढे काही हाती लागत नाही.

असे असले तरी मुंबईइतके केंद्राशी जखडलेले शहर देशात क्वचितच असेल, आणि खासदाराला खरे काम याच जागी करता येते. पश्चिम आणि मध्य रेल्वे, पूर्व किनाऱ्यावरची बंदराची विस्तीर्ण जमीन, विमानतळाच्या जागेवरील वस्त्या, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या आणि त्यांच्या चाळी, आयुर्विमा महामंडळाच्या मालकीच्या जुन्या इमारती, कांदिवली-मालाडच्या लष्करी आगाराभोवतीचे बांधकामाचे निर्बंध, हे सगळे दिल्लीतील वेगवेगळ्या मंत्रालयांच्या अखत्यारीत येते. मिठागरांच्या जमिनीचा प्रश्न आम्ही एकदा पर्यावरण मंत्रालयाला विचारला होता. मिठागरे मीठ आयुक्तांकडे असतात आणि ते कार्यालय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखाली येते, हे आम्हाला त्या वेळी ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानात एक अख्खे अधिवेशन गेले.

एकाच विषयाचे दोन तुकडे दोन सरकारांकडे असतात, तेथे अधिक सावध राहावे लागते. कोळीवाड्यांना लागू होणारे सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम केंद्राचे आहेत, तर कोळीवाड्यांचे सीमांकन राज्याने करायचे आहे. रुळांवरून जाणाऱ्या पुलाचा रुळांवरील भाग साधारणपणे रेल्वेचा आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिकेचे, अशी वाटणी असते. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, तेव्हा तपासणी कोणी करायची होती यावरून दोन्ही यंत्रणांमध्ये सुरू झालेला वाद मुंबईकरांनी पाहिला आहे. अशा वेळी ‘पूल कधी होणार’ असा सरळ प्रश्न लोकसभेत टाकला, तर उत्तर महापालिकेकडे बोट दाखवते. पुलाचा रेल्वेकडील हिस्सा, त्याचा आराखडा मंजूर झाल्याची तारीख आणि महापालिकेला लिहिलेल्या पत्रांच्या तारखा एवढेच विचारले, म्हणजे उत्तर टाळायला जागा राहत नाही. त्याच आठवड्यात मतदारसंघातील आमदारांमार्फत विधानसभेत दुसऱ्या अर्ध्या भागाचा प्रश्न जावा, हे उत्तम.

‘सरकारला जाणीव आहे का’ असे विचारणे

मसुद्यातील सर्वांत महागडी चूक हीच आहे. ‘मुंबईतील उपनगरी प्रवाशांच्या हालअपेष्टांची सरकारला जाणीव आहे का आणि त्या दूर करण्यासाठी सरकारने कोणती पावले उचलली आहेत?’ हा प्रश्न वाचायला बरा वाटतो, पण त्याचे उत्तर प्रश्न पोहोचण्याआधीच तयार असते. जाणीव आहे, पावले उचलणे ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे, आणि पुढे दोन परिच्छेद योजनांची नावे. ‘असा काही प्रस्ताव आहे का’ असे विचारले, तर ‘असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही’ एवढ्यावर विषय मिटतो.

त्याऐवजी दादर ते विरार या पट्ट्यातील मंजूर पादचारी पुलांची स्थानकनिहाय यादी, प्रत्येकाच्या मंजुरीचे वर्ष, मंजूर रक्कम, आजवरचा खर्च आणि काम पूर्ण होण्याची मुदत मागावी. असे पाच रकाने भरून देताना मंत्रालयाला फायली उघडाव्या लागतात आणि विलंब आपोआप कागदावर येतो. प्रश्नाची मर्यादा १५० शब्दांची आहे. तर्क, उपरोध, आरोप किंवा निष्कर्ष त्यात चालत नाहीत. त्यामुळे संताप मसुद्यात ओतण्याने प्रश्न नामंजूर होण्यापलीकडे काही साधत नाही. तो पूरक प्रश्नासाठी, म्हणजे मंत्र्यांच्या उत्तरावर सभागृहात विचारायच्या प्रश्नासाठी, राखून ठेवावा. मसुदा लिहिण्यापूर्वी त्याच विषयावरची मागील काही वर्षांची उत्तरे लोकसभेच्या संकेतस्थळावर शोधून वाचावीत, कारण जुन्या उत्तरातील मुदत आणि नव्या उत्तरातील मुदत शेजारी ठेवली की पुढचा प्रश्न आपसूक सुचतो.

हाताशी असलेले आयुध न ओळखणे

लोकसभेत रोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न सूचीत येतात. तारांकितांपैकी मोजकेच प्रत्यक्ष सभागृहात पुकारले जातात, परंतु आपला प्रश्न पुकारला गेला तर दोन पूरक प्रश्न विचारता येतात आणि मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते. आकडेवारी हवी असेल तर अतारांकित प्रश्न पुरेसा असतो. धोरणाविषयी मंत्र्यांच्या तोंडून शब्द हवा असेल तर तारांकितासाठी नशीब अजमावत राहावे. प्रश्न निवडण्याच्या सोडतीत नाव आले नाही म्हणून नाराज होण्याचे कारण नाही, मात्र नाव आल्यावर पूरक प्रश्न तयार नसणे हा मतदारांवर अन्याय आहे. आम्ही तो एकदा केला आहे. पहिल्या पूरक प्रश्नात खासदारांनी मंत्र्यांचे आभार मानले, दुसऱ्यात मूळ प्रश्नच पुन्हा वाचला, आणि पुढच्या सदस्याचे नाव पुकारले गेले.

शून्य प्रहरात विषय तातडीने मांडता येतो, पण उत्तर देण्याचे बंधन मंत्र्यांवर नसते. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांपैकी नियम ३७७ खाली २५० शब्दांपर्यंतचा मंजूर मजकूरच वाचता येतो, सभागृहात त्याचा गाजावाजा होत नाही, आणि म्हणून अनेक जण त्याला कमी लेखतात. मात्र त्यावर मंत्र्यांचे लेखी उत्तर खासदाराकडे येते, म्हणून स्थानिक प्रश्नासाठी मला तो शून्य प्रहरापेक्षा अधिक उपयोगी वाटतो. मिळालेले उत्तर अपुरे असेल तर नियम ५५ खाली सोमवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, हे तर फार थोड्यांच्या लक्षात असते.

तीन मिनिटांत वीस मिनिटांचे भाषण बसवणे

नमस्कार, नेत्यांचे आभार, मुंबईचा गौरवशाली इतिहास आणि एखादा शेर, एवढ्यात घंटा वाजते आणि मागणी राहून जाते. मागणी पहिल्या दोन वाक्यांत यावी, कारणे नंतर यावीत. मराठीतून बोलायचे असेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद १२० नुसार तशी परवानगी मिळते. दुभाष्यांना आधी कळवावे आणि पागडी, गावठाण, मिठागर यांसारखे शब्द एका वाक्यात उलगडून सांगावेत, नाहीतर देशभरातील सदस्यांपर्यंत विषय पोहोचत नाही.

सत्ताधारी बाकांवर बसलो म्हणून गप्प राहणे

पक्षादेश (व्हिप) मतदानासाठी असतो. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतील (पक्षांतरबंदीची) अपात्रतेची तरतूदही पक्षादेशाविरुद्ध केलेल्या किंवा टाळलेल्या मतदानाला लागू होते. प्रश्न विचारल्याने कोणाचे सदस्यत्व जात नाही. तरीही ‘आपल्याच मंत्र्याला अडचणीत कशाला आणायचे’ हे वाक्य मी दिल्लीच्या मार्गिकांमध्ये पुष्कळ ऐकले आहे.

या बाबतीत फिरोज गांधी यांचे उदाहरण प्रत्येक नव्या खासदाराने अभ्यासावे असे मला वाटते. रायबरेलीचे हे काँग्रेस खासदार मागच्या बाकांवर बसत आणि सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. नुकत्याच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे १ कोटी २४ लाख रुपये गुंतवल्याचे प्रकरण त्यांनी १६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत तपशीलवार मांडले. सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. त्या भाषणाचा जोर कागदपत्रांच्या अभ्यासात होता, आणि तो अभ्यास करायला मंत्रिपद लागत नाही.

उत्तर आले की फाईल बंद करणे

‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ हे वाक्य उत्तरात दिसले की आम्ही सुरुवातीला निराश होऊन कागद बाजूला ठेवत असू. प्रत्यक्षात हे वाक्य म्हणजे सभागृहाला दिलेले आश्वासन असते. ते तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे. एका स्थानकाच्या पुलाबाबत असे आश्वासन आमच्याकडे वर्षभर पडून होते आणि आम्ही कोणालाही त्याची आठवण करून दिली नाही. त्या स्थानकाच्या प्रवासी संघटनेचे एक काका कार्यालयात आले आणि म्हणाले, “उत्तर आलं म्हणून तुम्ही पत्रक वाटलंत, ते मी जपून ठेवलंय. पूल कुठे आहे?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

विभागांशी संलग्न २४ स्थायी समित्याही याच पाठपुराव्याच्या जागा आहेत. तेथे कॅमेरे नसतात, पक्षादेश नसतो, आणि मंत्रालयाच्या सचिवांना समोर बसवून अर्थसंकल्पातील अनुदानाच्या मागण्यांतील एकेका आकड्याविषयी विचारता येते. चित्रफीत मिळत नाही म्हणून या बैठका चुकवणारे सदस्य आपले सर्वांत मोठे हत्यार म्यानात ठेवतात.

ठराव संमत झाला म्हणजे काम झाले, असे न मानणारा एक सदस्य मुंबईने शंभर वर्षांपूर्वी पाहिला आहे. सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. स्थानिक संस्था तो अमलात आणत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी १९२६ मध्ये, ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव आणला. महाडच्या नगरपालिकेने पहिला ठराव कागदावर मान्य केला होता, तरी तळे खुले झाले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, तेव्हा सभागृहाने आधीच दिलेला हक्क त्यांच्या बाजूला होता.

काका येऊन गेल्यानंतर आम्ही एक वही घातली. प्रश्नाचा क्रमांक, उत्तराची तारीख, उत्तरातील मुदत, दिलेले आश्वासन, त्यानंतरचे पत्र आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्याची तारीख असे तिचे सहा रकाने होते. प्रत्येक अधिवेशनाच्या महिनाभर आधी ती उघडायची आणि ज्या ओळीचा शेवटचा रकाना रिकामा असेल, त्या ओळीवरून नवा मसुदा लिहायचा, कारण प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. उत्तराची प्रत खासदारांच्या छायाचित्राशिवाय, जशी आली तशी, त्या प्रवासी संघटनेला पाठवायची, हेही तेव्हापासून ठरले. पुढच्या अधिवेशनातील पहिला मसुदा त्याच पुलाचा होता आणि मुदत ओलांडल्याची तारीख काकांनी जपलेल्या पत्रकावरून घेतली होती.