लॅटिना स्त्रियांसाठी आनुवंशिक कर्करोगाची बैठक कशी घ्यावी

अमेरिकेत मेक्सिको, मध्य अमेरिका, पोर्तो रिकोकडून आलेल्या बायकांना स्तन आणि अंडाशयाच्या आनुवंशिक कर्करोगाबद्दल सांगायचं, तर इंग्रजी पत्रकाचं स्पॅनिश करून वाटल्याने काम होत नाही. बैठक घ्यावी लागते आणि ती वस्तीतल्याच बाईने घ्यावी लागते. तिला प्रोमोतोरा म्हणतात. आपल्या आशाताईंसारखीच तीही घरोघरी ओळखीची असते, म्हणून तिच्यापुढे बायका बोलतात.

आठ-दहा जणी आणि दीड तास पुरे. वेळ संध्याकाळची किंवा रविवारी चर्चनंतरची ठेवा. मुलं सांभाळायला कुणीतरी हवंच, नाहीतर अर्ध्या जणी मधूनच उठतात.

पहिली पंधरा मिनिटं मूळ माहितीला द्या. स्तनाच्या कर्करोगात साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात, हे आधी सांगा, म्हणजे सगळ्याच घाबरणार नाहीत. मग कागदावर शंभर बाहुल्या काढून रंगवा. अमेरिकेत शंभर बायकांपैकी सुमारे १३ जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत जन्मजात दोष असला की हा धोका खूप वाढतो. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत सुमारे ७२ जणींना, बीआरसीए-२ मध्ये असेल तर ६९ जणींना. अंडाशयाच्या कर्करोगाचे आकडे अनुक्रमे ४४ आणि १७. एरवी शंभरात जेमतेम एक. टक्केवारी विसरली जाते, रंगवलेल्या बाहुल्या लक्षात राहतात.

बैठकीचा खरा जीव वंशवृक्षात आहे. त्याला निदान चाळीस मिनिटं द्या. मोठा कागद, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, तीन पिढ्या. प्रत्येकापुढे कोणता कर्करोग आणि कितव्या वर्षी, हे लिहायचं. सावत्र भावंडं वेगळी दाखवा. इथे हमखास दोन चुका होतात. एक, वडिलांकडची बाजू राहून जाते. दोष बापाकडूनही तितकाच येतो. दुसरी, 'आजीला पोटाचा कर्करोग होता' एवढंच लिहिलं जातं. पोट म्हणजे जठर, आतडं, गर्भाशय की अंडाशय? विचारा: पोटात पाणी झालं होतं का? ऑपरेशनमध्ये काय काढलं? उत्तर माहीत नसेल तर तिथूनच गावाकडच्या मावशीला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायला लावा. वय आठवत नसेल तर 'धाकट्याच्या जन्मानंतर किती वर्षांनी?' असं विचारलं की बहुतेकदा जमतं.

पन्नाशीपर्यंत झालेला स्तनाचा कर्करोग, कोणत्याही वयातला अंडाशयाचा, पुरुषाच्या स्तनाचा, दोन्ही स्तनांतला, स्वादुपिंडाचा, किंवा एकाच बाजूच्या अनेकांना झालेला स्तनाचा कर्करोग: यांतलं काही दिसलं की जनुकीय समुपदेशकाकडे पाठवा. दुभाषा व्यावसायिक मागा. लेकीला दुभाषी करू नका. आई तिच्यासमोर मोकळं बोलत नाही.

जनुकांची चाचणी शक्यतो आधी कर्करोग झालेल्या नातेवाइकाची करावी. निरोगी बाईची चाचणी निर्दोष आली आणि घराण्यातला दोषच माहीत नसेल, तर त्या निकालावर विसंबता येत नाही. चाचणीत जनुकाचे मोठे गळालेले तुकडेही तपासले जातात ना, हे विचारा. मेक्सिकन वंशाच्या घराण्यांत बीआरसीए-१ चा नववा ते बारावा भाग गळाल्याचा दोष आढळतो आणि जनुकाची अक्षरं नुसती वाचणाऱ्या साध्या चाचणीत तो निसटतो. वंशावळ शोधायला घरपोच मिळणाऱ्या डीएनए-किटमध्ये मोजकेच दोष पाहतात; त्यावर निर्धास्त राहू देऊ नका. लॅटिना बायकांच्या अहवालात 'अर्थ अनिश्चित' (म्हणजे सापडलेला बदल घातक की निरुपद्रवी हे ठरत नाही) हा शेरा जास्त वेळा येतो, कारण तुलनेची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. केवळ त्या शेऱ्यावर शस्त्रक्रिया करायची नसते.

'देवाच्या मनात असेल ते होईल' असं कुणी म्हटलं तर वाद घालू नका. श्रद्धेला धक्का न लावता हातातलं सांगा: दोष सापडला तर पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राम, मुलं झाल्यावर अंडाशय आणि बीजवाहक नलिका काढणं (बीआरसीए-१ ला ३५ ते ४०, बीआरसीए-२ ला ४० ते ४५ या वयात). नवऱ्यांना दुसऱ्या बैठकीला बोलवा. घरचा निर्णय एकटीने होत नाही.

पैशांचं आणि कागदपत्रांचं आधीच स्पष्ट करा. निकषांत बसणाऱ्या बाईचं समुपदेशन आणि बीआरसीए चाचणी बहुतेक आरोग्यविम्यांत विनाशुल्क असते. जनुकीय माहितीवरून भेदभाव रोखणाऱ्या २००८च्या जीना कायद्यामुळे निकालावरून आरोग्यविमा किंवा पंधरा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी नोकरी नाकारता येत नाही. आयुर्विम्याला मात्र हे संरक्षण नाही. विमाच नसेल तर उत्पन्नानुसार फी घेणाऱ्या केंद्राला आधी फोन करून कोणती कागदपत्रं मागतात ते विचारून ठेवा.

बैठक संपण्यापूर्वीच फोनवरून भेटीची वेळ घ्या आणि दोन आठवड्यांनी चौकशी करा. दोष सापडला, तर अहवालाच्या प्रतीसोबत स्पॅनिशमध्ये छोटं पत्र द्या आणि त्यात दोषाचं नेमकं नाव लिहा. मेक्सिकोत ग्वादालाहारा शहरातल्या बहिणीला मग जनुकातल्या तेवढ्या एकाच जागेची चाचणी करून घेता येते, आणि ती बरीच स्वस्त पडते.