निनावी ऐरणीचा कारखाना कसा ओळखावा

जुन्या बाजारात किंवा भंगारात मिळालेल्या ऐरणीवर नाव दिसत नाही, म्हणजे ते कधी नव्हतेच असे समजू नये. शंभर-सव्वाशे वर्षे घाम, राख आणि गंज यांत राहिलेल्या लोखंडावरचे उथळ ठसे सहसा पूर्ण पुसले जात नाहीत, नुसते बुजतात. येथे विचार केला आहे तो इंग्लंड आणि अमेरिकेतील कारखान्यांच्या शिंगवाल्या ऐरणींचा. आपल्याकडे घिसाडी वापरतात ती जमिनीत रोवायची, बिनशिंगाची चौकोनी ऐरण स्थानिक घडणीची असते आणि तिला पुढील खुणा लागू पडत नाहीत.

ऐरण घरी आल्यावर पहिला मोह ग्राइंडर हाती घेण्याचा होतो, आणि तो आवरलाच पाहिजे. ठसा जेमतेम मिलिमीटरभर खोल असतो, त्यामुळे ग्राइंडरच्या एका फेरीच्या चकाकीपायी ऐरणीची ओळख कायमची जाऊ शकते. दोन्ही बाजूंची कमर (मधला अरुंद भाग), शिंगाखालचा पुढचा पाय आणि टाचेखालचा (शिंगाच्या विरुद्ध टोकाखालचा) भाग साध्या तारेच्या ब्रशने, हाताने घासावा. नंतर त्यावर खडूची भुकटी किंवा गव्हाचे पीठ चोळून वरचे पुसून टाकावे, म्हणजे खळग्यांत पांढरे उरते. रात्री दिवे मालवून बॅटरीचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला, तर दिवसा न दिसलेली अक्षरे सावलीने उठतात. पातळ कागद लावून त्यावर पेन्सिल आडवी घासण्याचा उपायही चांगला आहे, कारण त्याने मिळालेली नक्कल सावकाश ताडून पाहता येते.

नावापेक्षा आकडे अधिक टिकतात, म्हणून नाव न लागल्यास निराश होऊ नये. इंग्लिश ऐरणींच्या कमरेवर बहुधा तीन आकडे असतात आणि ते हंड्रेडवेट या ११२ पौंडांच्या इंग्लिश मापाच्या हिशेबाने वाचायचे असतात: पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा आणि तिसरा सुट्या पौंडांचा. त्यामुळे मधला आकडा ३ पेक्षा आणि शेवटचा २७ पेक्षा मोठा असूच शकत नाही. अमेरिकी कारखाने मात्र सरळ पौंडांत वजन लिहीत. समजा, १, ३ आणि २ एवढेच वाचता आले. इंग्लिश रीतीने ते ११२ + ८४ + २, म्हणजे १९८ पौंड किंवा सुमारे ९० किलो होतात. अमेरिकी रीतीने १३२ पौंड, म्हणजे सुमारे ६० किलो. अशा वेळी ऐरण वजनकाट्यावर चढवावी. झीज आणि तुटलेले कोपरे यांची किलो-दोन किलोंची तूट सोडली, तर देशाचा प्रश्न तेथेच मिटतो.

यानंतरची पायरी कष्टाची असल्यामुळे बहुतेक जण ती टाळतात, पण माझ्या मते सर्वांत जास्त माहिती तिथेच मिळते: ऐरण उलटी करून तिचे बूड पाहावे. हे काम एकट्याने करू नये. दोघांनी लाकडी ठोकळे आणि पहार यांच्या मदतीने ती आधी कुशीवर घ्यावी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील हे-बडन कारखान्याच्या ऐरणींच्या बुडाला डमरूच्या आकाराचा उथळ खळगा असतो, तर ओहायोतील कोलंबस येथे घडवलेल्या ‘ट्रेंटन’ ऐरणींच्या बुडाला लांबट गोल खळगा आढळतो. इंग्लंडमधील डडलीच्या पीटर राइटच्या ऐरणीचे बूड सपाट असते, शिवाय तिच्या पुढच्या-मागच्या पायांवर कमरेला लागून छोटा सपाट कट्टा असतो. नुसता कट्टा पाहून निकाल देऊ नये, कारण तो ट्रेंटनलाही असतो. म्हणूनच बूड आणि पाय एकत्र वाचावे लागतात. या ट्रेंटनचे नावही फसवे आहे: ट्रेंटन नावाच्या ऐरणी कोलंबसला होत असत, आणि न्यू जर्सीतील खऱ्या ट्रेंटन शहरात होत असत त्या फिशर अँड नॉरिसच्या गरुडछाप ऐरणी.

कमरेत किंवा बुडात बोटभर चौकोनी भोके दिसली, तर ऐरण घडीव आहे, कारण भट्टीतील तापलेला गोळा पेलण्यासाठी त्यांत लोखंडी दांडा घालत. अशी भोके अजिबात नसतील आणि हातोडीने ठोकल्यावर घंटेसारखा नाद न येता बद्द आवाज आला, तर अंग बिडाचे असण्याची शक्यता मोठी आहे. फिशरची ऐरण याच जातीची, म्हणजे बिडाच्या अंगावर पोलादी माथा बसवलेली. तिच्या पायावर उठावदार आकडा असल्यास त्याला दहाने गुणावे. १५ म्हणजे १५० पौंड. पोलादी गोळी माथ्यावर टाकून ती किती उसळते हे पाहण्याची पद्धत लोकप्रिय आहे, परंतु तिने माथ्याचा कस कळतो, कारखाना कळत नाही.

काळाचा अंदाजही शोध आवळत आणतो. टाचेवर चौकोनी भोक आहे पण शेजारचे लहान गोल भोक नाही, अशी इंग्लिश ऐरण बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतील किंवा त्याआधीची असते. उलट, ठशात कुठे ‘इंग्लंड’ हा शब्द लागला, तर ती अमेरिकेत निर्यातीसाठी घडवलेली आणि बहुधा १८९० नंतरची समजावी, कारण त्या वर्षीच्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. हे-बडन आणि ट्रेंटन यांच्या पुढच्या पायावर अनुक्रमांक असतो, तर इंग्लिश ऐरणींवर तो सहसा नसतो. म्हणून शिंगाखालचा पाय पुन्हा एकदा पिठाने चोळून पाहावा.

एवढे करूनही दोन अडचणी उरतात. काही ऐरणींवर घडवणाऱ्याचे नव्हे, तर विकणाऱ्याचे नाव असते. अमेरिकेतील सीअर्स रोबक कंपनी ‘ॲक्मी’ या नावाने विकत असलेल्या ऐरणी दुसऱ्या कारखान्यांत घडत असत, त्यामुळे तेथेही निर्णय बुडावरूनच करावा लागतो. दुसरी अडचण म्हणजे खरोखरच कोरी असलेली जुनी इंग्लिश ऐरण. तिच्यावर शेफील्डच्या माऊसहोल फोर्जचे प्रसिद्ध नाव चिकटवण्याची घाई विक्रेते करतात, कारण त्या नावाला भाव येतो. बूड, पाय, भोके, वजन आणि आकडे यांपैकी निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय नोंदवहीत कारखान्याचे नाव लिहू नये. तोवर ‘इंग्लिश, घडीव, गोल भोक नसलेली, ९० किलो’ एवढी नोंद आणि सोबत बुडाचे, दोन्ही कमरांचे व पायांचे छायाचित्र ठेवावे.