दहावीचे रसायनशास्त्र: अभ्यास संयुजेपासून सुरू करा

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये १० प्रकरणे आहेत. त्यातली चार रसायनशास्त्राची: आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे. बरीच मुले ती पाठ करायला बसतात आणि समीकरणापाशी अडतात. खरी अडचण मागची असते, संयुजा (अणू किती बंध तयार करू शकतो ती संख्या) कच्ची राहिलेली असते. म्हणून आधी तेवढे पक्के करा.

१. संयुजा आणि सूत्रे

पहिल्या २० मूलद्रव्यांच्या संज्ञा, अणुअंक आणि इलेक्ट्रॉन संरूपण एका पानावर लिहा. सोडिअमचे संरूपण २, ८, १. शेवटचा एक इलेक्ट्रॉन तो देऊन टाकतो, म्हणून संयुजा १. ऑक्सिजनचे २, ६. अष्टक (शेवटच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण व्हायला दोन हवेत, म्हणून संयुजा २. अशी काढलेली संयुजा विसरली तरी पुन्हा काढता येते. मूलके, म्हणजे एकत्र वागणारे प्रभारित अणुगट, यांच्या संयुजा मात्र पाठच कराव्या लागतात: हायड्रॉक्साइड, नायट्रेट आणि अमोनिअम १, सल्फेट आणि कार्बोनेट २, फॉस्फेट ३. मग संयुजांची तिरकस अदलाबदल करून (एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहून) रोज चार-पाच सूत्रे लिहा.

२. समीकरण संतुलित करणे

इथे घाई करू नका. सोडिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्यापासून सोडिअम सल्फेट आणि पाणी बनते. सूत्रे लिहून खाली तक्ता करा. डावीकडे सोडिअम १, हायड्रोजन ३, ऑक्सिजन ५, सल्फर १. उजवीकडे सोडिअम २, हायड्रोजन २, ऑक्सिजन ५, सल्फर १. ऑक्सिजन सुरुवातीलाच जुळलेला दिसतो, त्यावर जाऊ नका. सोडिअमपासून सुरू करा आणि सोडिअम हायड्रॉक्साइडच्या आधी २ लिहा. आता डावीकडे हायड्रोजन ४, ऑक्सिजन ६ झाले. उजवीकडे पाण्याच्या आधी २ लिहिले की सगळे जुळते. प्रत्येक बदलानंतर तक्ता नव्याने मोजायचा.

सहगुणक, म्हणजे हा आकडा, सूत्राच्या आधीच लिहायचा, सूत्राला हात लावायचा नाही. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिलेत तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन परॉक्साइड होते. आणि सल्फेटसारखे मूलक दोन्ही बाजूंना तसेच असेल, तर त्याचे अणू सुटे मोजत बसू नका, एक गट म्हणून मोजा.

३. अभिक्रिया डोळ्यांनी पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा ठेवा. निळा रंग फिका पडून द्रावण हिरवट होते आणि खिळ्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो. लोह तांब्याहून अधिक अभिक्रियाशील असल्याने ते तांब्याला संयुगातून बाहेर काढते. हा एक प्रयोग नीट पाहिला की विस्थापन अभिक्रिया आणि धातुविज्ञानातली अभिक्रियाशीलता श्रेणी, दोन्ही डोक्यात बसतात. मोरचूद विषारी आहे. हा प्रयोग घरी नको, शाळेत शिक्षकांसमोरच करा.

घरी चुन्याची निवळी करता येते. खायचा चुना भरपूर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचे स्वच्छ पाणी हलकेच काढून घ्या. हे करताना मोठ्यांपैकी कुणीतरी जवळ हवे, निवळी डोळ्यांत जाता कामा नये. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळल्यावर निघणारा वायू नळीने तिच्यात सोडला की ती दुधाळ होते. हा कार्बन डायऑक्साइड, आणि पांढरे दिसते ते कॅल्शिअम कार्बोनेट.

४. आवर्तसारणी

११८ मूलद्रव्ये पाठ करण्यात वेळ घालवू नका. कल समजून घ्या. आवर्तात (आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे जाताना कवच तेच राहते आणि केंद्रकावरचा धनप्रभार वाढतो, म्हणून अणूचा आकार कमी होतो. गणात (उभ्या स्तंभात) खाली जाताना नवे कवच येते, म्हणून तो वाढतो. धातू-अधातू गुणधर्माचे प्रश्न यातूनच सुटतात.

५. शास्त्रीय कारणे लिहिणे

उत्तरात तीन गोष्टी हव्यात: पदार्थ कोणता, अभिक्रिया कोणती, परिणाम काय. तांब्याच्या हिरव्या पडलेल्या भांड्याला चिंच का लावतात? दमट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तांब्यावर कॉपर कार्बोनेटचा हिरवट थर येतो. चिंचेतले आम्ल त्याच्याशी अभिक्रिया करून तो विरघळवते. भांडे पुन्हा चकचकीत होते. कारण लिहून झाले की शक्य तिथे समीकरणही द्या.

६. कार्बनी संयुगे

रचनासूत्रे काढल्याशिवाय हे प्रकरण येत नाही. इथेन, इथीन, इथाइन एकाखाली एक काढा आणि प्रत्येक कार्बनभोवती चार बंध आहेत का, ते मोजा. त्यानंतरच नावांच्या नियमांकडे वळा.